बजेटमध्ये बसणारा आवाज

अप्पांचा आवाज बसला, तो घरात बसला नाही. चंदूशेठच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसला.

आता आवाज कुणाचा बसत नाही? गावात रोज कुणाचा ना कुणाचा बसतोच. भजनी मंडळातल्या बायकांचे तर सगळ्यांचे एकदम बसतात, सप्ताह संपला की देवळाच्या पायऱ्यांवर ओळीनं दिसतात. रुसलेल्या मामाचा मांडवाच्या दारात बसतो. शाळेतल्या बाईंचा वर्गातच, टेबलाशेजारी. बसला की घरच्या कुणीतरी जायचं, "चला, उठा" म्हणायचं, की तो उठतो आणि मुकाट मागं मागं घरी येतो. अट एकच, म्हणणारा घरचाच लागतो. ज्याचा त्याला स्वतःला उठवता येत नाही, कारण उठवायला आवाज लागतो आणि तोच तर बसलेला असतो.

आईनं रेवणला हाक मारली. "चंदूशेठकडं बसलाय म्हणे. जाऊन घेऊन ये की. उद्या पुकारायचं किती पडलंय त्यांना."

"तिकडंच निघालोय," रेवण म्हणाला. "अ‍ॅम्प बघायला."

"अ‍ॅम्प बघ, नाहीतर काय बघ. येताना बापाचा आवाज घेऊन ये."

अप्पा कॉटवर बसले होते. हातात चहाचा कप होता. त्यांनी रेवणकडे बघून मान हलवली आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट करून हसले. चूक झाली बघ, असं.

शिवलिंग हलकुडे, म्हणजे अप्पा, रिक्षातून पुकारायचे. रिक्षाच्या टपावर भोंगा, हँडलला तारेनं बांधलेला माईक. नळाला पाणी कधी येणार, साड्यांचा सेल कुठं लागला, कोण वारलं, कुणाचा पोरगा फौजदार झाला, हे सगळं गावाला अप्पांच्या तोंडून कळायचं. आवाज असा, की डाळमिल चालू असताना पण मिलच्या पलीकडं ऐकू जायचा.

आणि रेवणला त्याची लाज वाटायची. उगाच कशाला खोटं बोला. वाटायची.

त्याला कारणही घडलं होतं. रेवणचा बँड होता, 'कडेलोट' नावाचा. ड्रमवर तौफिक, त्याचं घर रेवणच्याच गल्लीत, गाद्यांच्या दुकानावर. गायला केतन. केतनचे वडील बँकेत मॅनेजर म्हणून बदलून आले होते, पुण्याहून. गिटार रेवणची. ती तो मोबाईलवर बघून बघून शिकला, बोटं सोलून घेऊन. गणपतीत एका मंडळानं त्यांना वाजवायला बोलावलं आणि मंडळानंच रिक्षा फिरवली. अप्पा गावभर पुकारत गेले, "आज सायंकाळी ठीक सात वाजता! हेवी मेंटलचा! भव्य! कार्यक्रम!"

हेवी मेंटल. भर चौकात. पाच गल्ल्यांत.

केतन तेव्हा नवा होता. तो पोट धरून हसला. "कोण आहे रे हा? मेंटल रिक्षा!" तौफिकनं रेवणकडे बघितलं. रेवण गिटारच्या खुंट्या पिळत राहिला. त्यानं केतनला आधीच सांगून ठेवलं होतं, की वडील साउंडमध्ये आहेत.

वर कार्यक्रमाची पण शोभा झाली. रेवणचा अ‍ॅम्प म्हणजे घरात वाजवायचा डबा, आत आठ इंची स्पीकर. तौफिकनं पहिला ठोका दिला आणि गिटार गेली. वाजत होती, पण डब्यात माशी अडकावी तशी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कानाजवळ हात हलवून ती माशी हाकलली. लोक हसले. रेवण त्या माशीसकट सगळं गाणं वाजवत राहिला, कारण मधेच थांबणं त्याहून लाजिरवाणं होतं.

म्हणून आता कॉलेजच्या गॅदरिंगला नवा अ‍ॅम्प पाहिजे होता. खर्जातली जाड गिटार, ड्रमच्या वर ऐकू येईल अशी. आणि बजेटमध्ये बसणारा.

तिघं दुकानात गेले. बाहेर ढोलक्या टांगलेल्या, आत हार्मोनियम, टाळ, भजनाचे माईक, आणि मागच्या भिंतीला तीन-चार अ‍ॅम्प. बाकावर अप्पांचा आवाज बसला होता.

आवाज अप्पांपेक्षा डोक्यानं उंच होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, तसा अप्पांकडे नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसा. रेवण दिसला तसा त्याचा चेहरा उजळला आणि तो बाकावरून अर्धा उठला.

"बोला," चंदूशेठ म्हणाले. "काय पाहिजे पोरांनो?"

"गिटारचा अ‍ॅम्प," केतन म्हणाला. "हेवी पाहिजे."

"हेवी म्हणजे? उचलायला का ऐकायला?"

"ऐकायला ओ शेठ."

"किती वॉटचा?"

"वाट लागली पाहिजे इतका," तौफिक म्हणाला. शेठ हसले. अर्धा उठलेला आवाज पण हसला. दुकानातल्या ढोलक्या थरथरल्या.

"बजेट?" शेठनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "कमी आहे," रेवण म्हणाला.

"बघू. कमीत बसवू."

शेठनी पहिला अ‍ॅम्प लावला. छोटा. रेवणनं एक तार ओढली आणि त्याला आतली माशी ओळखीची वाटली. नको. दुसऱ्याला बटणंच बटणं, पन्नास तऱ्हेचे आवाज काढतो म्हणे. रेवणनं सगळ्यात भारीतलं बटण दाबून वाजवलं, तर कढईत कुरडया सोडल्यासारखा आवाज आला. वरवर नुसती चुरचुर, बुडाला काही नाही. तिसरा जुना होता, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. गरम व्हायला वेळ लागला, पण मग असा काही गुरगुरला की रेवणच्या पोटऱ्यांना कळलं. तोच पाहिजे होता. तिघांनाही. शेठनी त्याची किंमत सांगितली. केतननं अ‍ॅम्पवरचा हात काढून खिशात घातला.

"नाही बसत," रेवण म्हणाला.

"मग हा घ्या." शेठनी कोपऱ्यातून एक मोठं काळं खोकं ओढून काढलं. बारा इंची स्पीकर, लाकूड ठणठणीत, मागून उघडं. "बॉडी एक नंबर. फक्त यात आवाज नाही. गेला. आवाज तुमचा टाकायचा. तुमच्या बजेटमध्ये हा बसतो."

"आवाज कुठून आणायचा?" केतननं विचारलं.

शेठनी दुकानभर नजर फिरवली आणि बाकाकडे बोट केलं. "हा आहे की. सकाळपासून बसलाय. कुणी न्यायला आलं नाही तर बेवारस. असा खर्ज तालुक्यात नाही. तुमच्यातल्या कुणाचा आहे का? घरचा असेल तर मला हात लावता येत नाही."

आवाज अजून अर्धा उठलेलाच होता. गुडघे वाकलेले, हात बाकाच्या कडेला, रेवणकडे बघत. तौफिक पण रेवणकडे बघायला लागला.

केतन आवाजाला निरखत होता. "याला कुठंतरी ऐकलंय यार," तो म्हणाला. "रेवण, ओळखतोस?"

चला अप्पा, एवढंच म्हणायचं होतं. सोपं होतं. मग केतन म्हणाला असता, म्हणजे मेंटल रिक्षा? तुझे पप्पा? हसलाही नसता कदाचित. नुसता गप्प बसला असता, आणि रेवणला ते गप्प बसणंच नको होतं.

"नाही," रेवण म्हणाला. "दुकानातलाच असंल कुणीतरी."

आवाज खाली बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

"मग बसवून टाकू," शेठ म्हणाले.

आवाज आता बेवारस होता. शेठनी हात धरला तसा आला. खोक्यापाशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि मागच्या उघड्या बाजूनं वाकून आत शिरला. उंच होता, त्याला दुमडायला लागलं. शेठनी मागून फळी ठोकली. रेवणनं गिटार जोडली आणि एक तार ओढली.

दुकानाची भिंत मागं सरकली. खोटं नाही, हातभर सरकली, आणि शेठनी ती मागाहून ढकलून जागेवर आणली.

"आईशप्पथ," केतन म्हणाला.

घरी आईनं विचारलं, "कुठाय?"

"नव्हता तिथं," रेवण म्हणाला. "उठून गेला असंल."

"असा कसा उठंल आपोआप? परत जाऊन बघ."

"बघतो."

अप्पांनी ऐकलं. त्यांनी मान हलवली, हरकत नाही, अशी. कपातल्या चहावर साय धरली होती. ते कप तसाच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा रिक्षा घेऊन निघाले. चौकात थांबले, माईक तोंडाशी धरला, तोंड उघडलं, ओठ हलवले, पुढच्या चौकात गेले. भोंग्यातून नुसता वारा. पहिल्यांदा लोकांना गंमत वाटली. "काय म्हणलाव अप्पा?" "मुका पिक्चर लागलाय का बे?" दुपारपर्यंत हसणं संपलं. नळाला पाणी यायचं होतं ते आलं नाही, कारण येणार म्हणून कुणी पुकारलंच नव्हतं. सेलच्या दुकानात साड्या होत्या, पण सेल सुरू झाला नाही. लोंढ्यांचा पोरगा फौजदार झाला होता, पण ते पुकारलं गेलं नाही, म्हणून तो परत पुस्तकं काढून अभ्यासाला बसला. त्याची आई पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन दारात बसून राहिली. पेढे उघडता येत नव्हते.

आणि भूमकर मास्तर. मास्तर पहाटे वारले होते. घरच्यांनी अप्पांना निरोप दिला होता. अप्पांनी चौकाचौकात तोंड उघडून मिटलं. मास्तरांनी वाट बघितली. शेवटी उठले, धोतर झाडलं आणि ओसरीवर येऊन बसले. सुनेनं चहा दिला. तो त्यांनी हातात धरला.

कडेलोटची प्रॅक्टिस एका बंद डाळमिलच्या गोदामात चालायची. तुरीच्या फोलपटाचा वास, पत्र्याचं छत. नवा अ‍ॅम्प ठेवला, आणि तौफिक कितीही जोरात बडवू दे, गिटार त्याच्या वर. वर पण नाही, खाली. जमिनीखालून आल्यासारखी. एकेक सूर पत्र्याला धरून हलवायचा. केतन वेड्यासारखा मान हलवायचा, ओरडायचा, "भावा! हाच! हाच आवाज पाहिजे होता!" आणि रेवणला खरंच आनंद व्हायचा. एवढा, की त्याची त्याला परत लाज वाटायची.

फक्त एक व्हायचं. गाणं संपलं, तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या, की अ‍ॅम्प बारीक घुमायचा. नीट कान दिला तर त्यात शब्द असायचे. "नागरिकांना कळवण्यात येते की..."

"हे काय घुमतंय?" केतननं विचारलं.

"अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे," रेवण म्हणाला.

"कळवण्यात येते की," अ‍ॅम्प म्हणाला, "उद्या सकाळी पेठेतील नळांना..."

"अर्थिंग मराठीत आहे का?" केतन म्हणाला. तौफिकनं काठी झांजेवर आपटली आणि पुढचं गाणं सुरू केलं.

मास्तर तिसऱ्या गाण्याला आले. काठी टेकत गोदामात शिरले, डाळीच्या रिकाम्या पोत्यांवर बसले. गाणं संपेपर्यंत थांबले. मास्तर शिस्तीचे.

"शिवलिंगचा आवाज इथं आहे होय," ते म्हणाले. "मी गावभर शोधला. पोरांनो, माझं तेवढं पुकारायचं राहिलंय. पाहुणे ताटकळलेत. मलाही आडवं व्हायचंय."

"कोण शिवलिंग?" केतननं विचारलं.

"अरे, रिक्षावाला. हलकुडे."

"मेंटल रिक्षा!" केतन टाळी वाजवून हसला. "तरीच म्हणलं ऐकलंय! आपल्या अ‍ॅम्पमध्ये मेंटल रिक्षावाला बसलाय. काय सीन आहे यार." त्यानं रेवणच्या पाठीवर थाप मारली.

रेवण हसला. हसावंच लागलं. हसताना घशात काहीतरी खाली सरकलं, घास अडकून पुढं जातो तसं.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी रेवणला आठवीत गणित शिकवलं होतं. ते रेवणकडे, फळ्यावर चुकलेलं उत्तर लिहिलंय आणि पोराचं पोरालाच कळतंय का, असे बघत राहिले.

"मास्तर, प्रॅक्टिस चालू आहे," रेवण म्हणाला. आवाज घोगरा आला.

"चालू दे. मी बसतो."

मग सगळेच यायला लागले. लोंढ्यांचा पोरगा पुस्तकं घेऊन आला, त्याची आई पेढे घेऊन. साडीवाला आला. पाण्यासाठी बायका घागरी घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुणी भांडत नव्हतं. अ‍ॅम्पच्या आत आपला निरोप आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो कधीतरी बाहेर पडेल म्हणून जो तो मांडी घालून बसला होता. गोदाम भरत गेलं. तौफिकला कोपर मागं न्यायला जागा उरली नाही. रेवण गिटार छातीशी उभी धरून वाजवायला लागला.

केतनला हे आवडलं. "आत्ताच ऑडियन्स आहे आपल्याला," तो म्हणाला.

प्रॅक्टिसनंतर केतन स्कूटीवरून गेला आणि तौफिकनं रेवणला नळापाशी गाठलं. नळ कोरडा होता.

"उठव की बे त्याला."

"गॅदरिंग होऊ दे. मग उठवतो."

"काय लागतंय रे? चला अप्पा. दोन शब्द."

"केतनसमोर?"

"फळीच्या मागं तोंड घालून बोल की. केतनला ऐकू येणार नाही."

"सगळ्यांना ऐकू येईल," रेवण म्हणाला. "अ‍ॅम्प आहे तो."

तौफिकनं यावर विचार केला. बरोबर होतं. त्या खोक्याच्या आसपास जे बोललं जाईल ते मोठं होऊनच बाहेर पडणार.

"माझे अब्बू गाद्या पिंजतात," तौफिक म्हणाला. "त्यांच्या मिशीत कापूस असतो. केतन घरी आला तेव्हा पण होता. मी काय मेलो का?"

रेवण कोरड्या नळाची तोटी पिळत राहिला.

"आणि तुझे अप्पा," तौफिक म्हणाला. "बघितलास का त्यांच्याकडं?"

बघितलं होतं. म्हणून तर तो घरी उशिरा जायचा. अप्पा कॉटवर बसलेले असायचे, हातात कप. आई रोज नवा चहा करून द्यायची. "नुसता धरून बसतात रे," ती म्हणायची. "घोट म्हणून घेत नाहीत. अंग बघ, कसं गार पडलंय." रेवण लांबूनच बघायचा. अप्पा त्याला बघून मान हलवायचे, हरकत नाही. मास्तर पण पोत्यांवर कप तसाच धरायचे, दोन्ही हातांनी, खाली टेकवला तर काहीतरी संपेल असा.

गॅदरिंगच्या दिवशी पटांगणावर मांडव होता. अजून ऊन होतं. पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या गाद्यांच्या खुर्च्या, मागं लोखंडी. गोदामातली सगळी मंडळी अ‍ॅम्पच्या मागोमाग टेम्पोतून आली आणि मिळेल तिथं बसली. मास्तरांना लोकांनी मान देऊन पुढं बसवलं.

त्यांच्या शेजारी अप्पा.

रेवणनं त्यांना बोलावलं नव्हतं. अप्पांनी नवा पांढरा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. फाटकाबाहेर रिक्षा लावलेली, भोंगा पटांगणाकडे वळवलेला. कुणीतरी पाहुणे समजून त्यांनाही कप दिला होता. मास्तर आणि अप्पा शेजारी शेजारी, चार हातांत दोन कप.

केतन माईकवर ओरडला, "आम्ही आहोत कडेलोट!"

रेवणनं तारांवर हात मारला, आणि ते झालं जे तो रोज स्वप्नात बघायचा. मांडवाचे बांबू वाकले. खुर्च्या आपोआप मागं सरकल्या, पोरं उभी राहिली, मुली उभ्या राहिल्या, प्राचार्य उभे राहिले. कुणी माशी हाकलली नाही. सूर लोकांच्या छातीत जाऊन बसत होता आणि लोक छातीवर हात ठेवत होते. रेवणनं अप्पांकडे बघितलं. अप्पा मान डोलवत होते, ताल चुकवून. आपलाच आवाज त्यांना ओळखू येत होता का, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. चेहरा नुसता खूश होता. पोरगं वाजवतंय म्हणून.

गाणं संपलं. रेवणनं तारांवर हात ठेवला. टाळ्या झाल्या आणि टाळ्यांच्या खालून घुमणं सुरू झालं.

"नागरिकांना कळवण्यात येते की," अ‍ॅम्प म्हणाला. सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. "नागरिकांना कळवण्यात येते की." पुढं जात नव्हता. दुमडून बसल्यावर माणसाला पूर्ण श्वास घेता येत नाही, तसं. "कळवण्यात येते की. येते की."

"सॉरी, सॉरी," केतन माईकवर हसत म्हणाला. "आमच्या अ‍ॅम्पमध्ये एक मेंटल..."

"थांब," रेवण म्हणाला.

त्यानं केतनच्या हातातून माईक घेतला. तौफिकनं काठ्या मांडीवर ठेवल्या. रेवणला वाटलं, आता. सगळ्यांसमोर. होऊ दे काय व्हायचं ते. त्यानं अ‍ॅम्पकडे तोंड केलं, श्वास घेतला आणि म्हणाला, "चला अप्पा."

काही ऐकू आलं नाही.

त्यानं परत म्हटलं. ओठ हलले. माईकमधून नुसता वारा. त्यानं घशाला हात लावला, आणि मग बघितलं. पुढच्या रांगेत, अप्पांच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर, त्याचा आवाज बसला होता.

लहान होता. रेवणच्या निम्म्यानं. पाय जमिनीला टेकत नव्हते. मान खाली, हात मांड्यांखाली दाबलेले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"हे कोण?" केतन म्हणाला. रेवणला उत्तर देता आलं नसतं.

अप्पांनी शेजारी बघितलं. मग स्टेजकडे बघितलं, मग परत शेजारी. कप कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना, म्हणून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी दोन्ही कप धरले. आवाज उठवायला शब्द लागतात असं गावाचं मत होतं. अप्पांकडे शब्द नव्हते. त्यांनी नुसतं बोट पुढं केलं.

आवाज लगेच उठला. त्यानं ते बोट धरलं.

दोघं खुर्च्यांच्या मधून चालत फाटकाकडे गेले. लोकांनी पाय आखडून वाट दिली. रेवणला ओरडायचं होतं, थांबा, तो माझा आहे, पण ओरडायला लागतं तेच अप्पा घेऊन चालले होते. त्याला स्टेजवरून उडी मारता आली असती. पण गिटारची वायर अ‍ॅम्पमध्ये गच्च बसली होती, आणि त्याचे पाय हलले नाहीत. सगळं पटांगण त्याच्याकडे बघत होतं.

अप्पांनी आवाजाला रिक्षात पुढं, स्वतःशेजारी, माईकसमोर बसवलं. किक मारली.

"नागरिकांना कळवण्यात येते की," भोंगा म्हणाला. रेवणचा आवाज होता. आधी घाबरलेला, मग बरा. "पेठेतील नळांना आज पाणी सुटेल!" मांडवामागच्या नळातून खळ्ळ झालं आणि बायका घागरी घेऊन धावल्या. "दगडू लोंढे यांचे चिरंजीव, यांची फौजदारपदी निवड झाल्याबद्दल!" पुस्तकं मिटली, पेढ्यांचा बॉक्स उघडला. रिक्षा हळूहळू पुढं चालली होती. "साड्यांचा भव्य सेल! आजपासून!" केतननं तोंड उघडं टाकून रेवणकडे बघितलं. "हा तुझा आवाज आहे ना?" तो म्हणाला. हसत नव्हता. "तुझा आवाज त्या रिक्षात काय करतोय? तो कोण आहे तुझा?"

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की, भूमकर मास्तर यांचे वृद्धापकाळाने..." मास्तरांनी दोन्ही कप वाकून खाली ठेवले. धोतर सावरलं. खुर्चीवर आडवे झाले, आणि शेजारच्यांनी त्यांचे पाय उचलून नीट ठेवले.

रिक्षा रस्त्याला लागली. भोंगा आता पाठमोरा होता, पण ऐकू येत होतं. ऐकू येणारच. पोरगा कुणाचा.

"कळवण्यात येते की," रेवणचा आवाज लांबून म्हणाला, "शिवलिंग हलकुडे यांचे..."

आणि रिक्षा डाळमिलच्या कोपऱ्यावर वळली. ही मिल चालू होती. यांचे काय, चिरंजीव की निधन, पुढचं काही ऐकू आलं नाही. पटांगणातल्या सगळ्या माणसांनी कानामागं हात धरून माना त्या बाजूला वळवल्या.

रेवणच्या पाठीमागं अ‍ॅम्पनं घसा खाकरला.